आई पुढे, फाईल मागे

बेचाळीस प्राध्यापक, सोळा वर्ग, तीन प्रयोगशाळा आणि एकच पंखा चालू असलेलं एक सभागृह, एवढ्या सगळ्यांना आठवड्याच्या अठ्ठेचाळीस तासांत एकमेकांच्या अंगावर न पडू देता बसवणारा माणूस त्या गावात एकच होता. तो गणित शिकवायचा, पण गणितासाठी त्याला कुणी ओळखत नव्हतं. मुलं, मुलांचे पालक, कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला, सगळे त्याला ‘टाइमटेबल सर’ म्हणत. सरांना हे नाव आवडत नाही असं ते सांगत, पण कुणी नुसतं ‘सर’ म्हटलं तर थोडे हिरमुसत.

गावात कॉलेज होतं म्हणण्यापेक्षा कॉलेजला एक गाव होतं. बाकी एक स्टेशन, एक बसस्थानक आणि औषधांची दोन दुकानं. डोळ्याचा मोठा डॉक्टर काही नव्हता. आणि सरांच्या आईला नेमका तोच हवा होता.

आईचा उजवा डोळा पूर्वीच गेलेला. डाव्यात मोतीबिंदू पिकत पिकत असा पिकला होता की ती चहा कपाशेजारी ओतू लागली होती. माणसं ती पावलांवरून ओळखायची आणि बिनचूक ओळखायची, पण पाहुणा दारात येऊन नुसताच उभा राहिला की पंचाईत. मग ती अंदाजाने ‘बस रे’ म्हणायची, आणि बहुधा ते एखाद्या बाईला असायचं. सर हसायचे आणि मग खोलीत जाऊन उगाच पेपर तपासत बसायचे. त्या एका डोळ्यापलीकडे दुसरा शिल्लक डोळा नव्हता, हे घरात कुणी बोलत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

पाच महिने वाट बघून शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलची तारीख मिळाली. गुरुवार, सव्वाबारा. फोनवरच्या बाईंनी बजावलं होतं की सव्वाबारा म्हणजे सव्वाबारा, आणि डॉक्टर शनिवारी चार महिन्यांसाठी परदेशी जाणार आहेत. चार महिन्यांनी त्या डोळ्यात काय उरलं असतं हे त्यांनी सांगितलं नाही आणि सरांनी विचारलं नाही.

आता गावाहून शहर म्हणजे काही चंद्र नव्हे. रोज माणसं जातात, येतात, काही तर पुन्हा जातात. पण बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले की जायचं तर रेल्वेनेच. गाडी रुळावरून चालते, तिला रस्ता चुकायची सोयच नाही. समोरच्या औषधवाल्याने हे फाटकातून ऐकलं आणि तो रस्ता ओलांडून आला. त्याचं म्हणणं, बसच बरी. बस बिघडली तर मागून दुसरी येते, गाडी बिघडली तर मागच्या सगळ्या थांबतात. त्यावर पोस्टमास्तरांनी त्यांच्या काळातल्या एका बसची गोष्ट सांगितली, औषधवाल्याने एका गाडीची. शेवटी दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले आणि सरांना दोघांकडेही वेगवेगळा चहा प्यावा लागला.

बायकोचा सल्ला सर्वांत साधा होता. ती भांडी लावता लावता म्हणाली, “अहो, बुधवारी संध्याकाळीच जा आणि तिथे मुक्काम करा.”

या सल्ल्यात काही खोट नव्हती, म्हणूनच तो मानता येत नव्हता. एक तर बुधवारी परीक्षेचा शेवटचा पेपर, आणि सर परीक्षाप्रमुख. दुसरं म्हणजे परवानगी. रजा मिळाली होती. पण कॉलेजच्या मुख्य कारकुनाने समजावून सांगितलं की रजा म्हणजे कामावर नसणं आणि मुख्यालय सोडणं म्हणजे गावात नसणं. माणूस कामावर नसून गावात असू शकतो. तेव्हा मुख्यालय सोडण्याची परवानगी वेगळी, तिचा अर्ज वेगळा, दोन प्रतींत, त्यावर प्राचार्यांची सही. प्राचार्य कुठे आहेत असं विचारल्यावर कारकून शांतपणे म्हणाला की त्यांनी मुख्यालय सोडलं आहे. ते परतले बुधवारी सायंकाळी. सही मिळाली तेव्हा शेवटची बस निघून गेली होती.

सरांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांच्या खिशात प्रवासाचं वेळापत्रक तयार होतं. ज्या माणसाने बेचाळीस प्राध्यापकांना बसवलं त्याला एका आईला गाडीत बसवणं काय अवघड? तीन रंगांच्या शाईत सगळं मांडलेलं होतं. पाच चाळीसला रिक्षा. सहा पंचवीसची गाडी. दहा चाळीसला शहर. सव्वाअकराला हॉस्पिटल. शेवटी ‘संकीर्ण’ असा एक रकाना होता. अचानक उद्भवणाऱ्या अडचणींना त्यात दहा मिनिटं दिलेली होती.

गुरुवारी पहाटे ती दहा मिनिटं घराच्या फाटकातच संपली. रिक्षा वळणावर पोचली तेव्हा आईला आठवलं की चष्मा राहिला. सर म्हणाले की आई, त्या चष्म्यातून तुला काहीच दिसत नाही. आई म्हणाली, दिसत नाही ते खरं, पण लावला नाही तर लोकांना कळतं. रिक्षा मागे फिरली.

स्टेशनाबाहेर रिक्षा थांबली आणि सरांना वाटलं की काहीतरी दंगल झाली असावी. फलाट दिसतच नव्हता. दिसत होत्या गुंडाळलेल्या गाद्या, बादल्या, पत्र्याच्या पेट्या, टेबलफॅन, आणि या सगळ्यांमध्ये मिळेल तिथून डोकी काढलेली हजारभर मुलंमुली. सगळं वसतिगृह घरी निघालं होतं.

हे असं का झालं, ते सरांना उभ्या उभ्या समजलं, कारण ते त्यांनीच केलं होतं. यंदाचं परीक्षेचं वेळापत्रक त्यांच्या आयुष्यातली सर्वोत्तम कृती होती. सगळ्या शाखांचा शेवटचा पेपर एकाच दिवशी, एकाच वेळी. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी त्यावर लेखी तक्रार केली होती की दोनशे मुली, एक दिवस आणि एक गाडी, हे कसं जमायचं? सरांनी लेखी उत्तर दिलं होतं, ‘प्रवास हा परीक्षा विभागाचा विषय नाही.’ हे वाक्य त्यांना इतकं आवडलं होतं की त्यांनी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं होतं.

गाडी आली. ती तिथे दोन मिनिटं थांबते. त्यांच्या जागा राखीव होत्या, पण राखीव जागेपर्यंत पोचण्याची वाट काही राखीव नव्हती. सरांच्या एका काखेत आईची फाईल, नऊ वर्षांचे सगळे तपास, चिठ्ठ्या, फोटो. दुसऱ्या हातात आईचा हात. डब्याच्या दारातून कुणीतरी ओरडलं की टाइमटेबल सरांची आजी आहे, वाट द्या. आजी नव्हे, आई, असं सर सांगणार होते, तेवढ्यात चार-पाच हात खाली आले आणि आई वर गेली. पुढच्या क्षणी ती आत होती, तिची पिशवीही आत होती. सरांनी पायरीवर पाय ठेवला आणि आतून उलट दिशेने येणारी एक गादी त्यांच्या छातीवर बसली. ते फलाटावर मागे आले. फाईल पडली. नऊ वर्षं फलाटभर पसरली.

इथे दुसरा कुणी असता तर कागद कवटाळून गाडीत घुसला असता. सर खाली बसले आणि कागद गोळा करू लागले. पण नुसते गोळा करतील तर ते टाइमटेबल सर कसले? ते तारखेप्रमाणे लावू लागले. सहाव्या वर्षापर्यंत आले तेव्हा गाडी हलली.

ते धावले. खिडकी दिसली, खिडकीत आई दिसली. कुणीतरी तिला चांगली जागा दिली होती. ती हात हलवत होती, पण पिण्याच्या पाण्याच्या नळाकडे बघून. सर आत आहेत असं तिला वाटत होतं की बाहेर, ते तिचं तिलाच ठाऊक. मग गाडी गेली आणि फलाटावर एक बादली, दोन चपला आणि सर उरले.

स्टेशनमास्तर चांगला माणूस होता, पण त्याच्यापुढे नोंदवही होती. वस्तू हरवली की व्यक्ती, असं त्याने विचारलं. सर म्हणाले की हरवलेलं कुणी नाही, आई गाडीत आहे. मग तक्रार काय, असं त्याने विचारलं. सर म्हणाले, “मी मागे राहिलोय.” त्यासाठी वहीत रकाना नव्हता. तरी त्याने पुढच्या स्टेशनला फोन लावला. पुढचं स्टेशन म्हणालं की गाडी इथे थांबत नाही, पण जाताना आम्ही बघू.

आईकडे मोबाईल नव्हता. मुलांकडे होते, पण सरांकडे एकाही विद्यार्थ्याचा नंबर नव्हता. बावीस वर्षांत त्यांनी मुलांचे मोबाईल फक्त जप्त केले होते. बायकोला कळवावं असा विचार त्यांनी मनात आणला आणि लगेच बाहेर काढला.

तेवढ्यात औषधांचं पार्सल सोडवायला आलेला औषधवाला समोर उभा राहिला. सगळं ऐकून घेतल्यावर त्याच्या चेहऱ्यावर दुःख आणि समाधान यांची जी काही मारामारी चालली होती ती सरांना बघवेना. समाधान जिंकलं. तो म्हणाला की मी सांगत होतो, बस. आणि त्याने सरांना स्कूटरवर मागे घेतलं.

बसस्थानकावर गाद्यांची दुसरी फळी उभी होती. दोन बस दारांतून माणसं लोंबत निघून गेल्या आणि तिसरी बिघडली. मागून दुसरी आली नाही. औषधवाल्याने स्कूटरची किल्ली उगाच चार वेळा फिरवली. मग त्यालाच सुचलं की विद्यापीठाची गाडी आज तुमच्या कॉलेजातून उत्तरपत्रिका न्यायला येते, ती शहरालाच जाते की.

स्कूटर निघाली आणि सरांनी त्याला मिठी मारली. चालत्या स्कूटरवर मागून मिठी मारू नये, हे दोघांनाही रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात गेल्यावर कळलं. लागलं फारसं नाही. सरांची विजार गुडघ्यावर फाटली, एवढंच.

कॉलेजच्या आवारात ती बंद गाडी उभी होती. शिपाई सीलबंद गठ्ठे चढवत होते. गाडीबरोबर एक ड्रायव्हर, एक बंदोबस्ताचा पोलीस आणि विद्यापीठाचा एक कारकून. कारकुनाने सरांचं सगळं सहानुभूतीने ऐकलं आणि सांगितलं की उत्तरपत्रिकांच्या गाडीत बाहेरच्या माणसाला बसता येत नाही. सर म्हणाले, मी बाहेरचा कसा, मी परीक्षाप्रमुख. तेव्हा कारकुनाने आपल्या पिशवीतून नियमांची पुस्तिका काढली आणि अकरा मिनिटं वाचली. एक वाट निघाली: परीक्षाप्रमुखाला गठ्ठ्यांचा संरक्षक म्हणून सोबत जाता येतं, अर्ज दोन प्रतींत. पुढच्या बाकावर तिघे आधीच होते. संरक्षकाची जागा गठ्ठ्यांबरोबर, म्हणजे मागे.

सर मागे चढले. दार बंद झालं. कुलूप लागलं. मग बाहेरून लाख तापवल्याचा वास आला आणि सरांना कळलं की नियमाप्रमाणे दाराला सील लावलं जातंय. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हजारो गठ्ठे सील केले होते. आत बसून ते कसं वाटतं याचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती.

आत बऱ्यापैकी अंधार होता. वर हाताएवढी एक जाळी होती, तिच्यातून उजेड कमी आणि धूळ जास्त येत होती. सर एका गठ्ठ्यावर बसले, फाईल पोटाशी धरली आणि हिशोब मांडला. आठ वाजलेत. रस्ता चार तासांचा. बारा. आई दहा चाळीसला शहरात उतरेल, पण सव्वाबाराच्या आत फाईल पोचली तर काही बिघडलं नाही. हा हिशोब त्यांनी मधल्या जाड पत्र्यावर थापा मारून कारकुनाला ऐकवला. कारकून पलीकडून ओरडून म्हणाला, “रस्ता चार तासांचाच आहे सर. मधली चार केंद्रं वेगळी.”

पहिल्या केंद्रावर सील तोडणं, दार उघडणं, गठ्ठे मोजणं, पावती, दार, लाख, सील यांना वीस मिनिटं लागली. दुसऱ्या केंद्रावर तेवढीच. शिवाय तिथले परीक्षाप्रमुख सरांचे जुने ओळखीचे निघाले आणि त्यांना सर अंधारातून उजेडात येताना बघून इतका धक्का बसला की त्यांनी आधी चौकशी समिती बसली आहे का असं विचारलं. तिसऱ्या केंद्रावर मोजणीत एक गठ्ठा कमी भरला. पुन्हा मोजले, पुन्हा एक कमी. पोलिसाने टोपी घातली. शिपायांची झडती झाली, एका कपाटाचं कुलूप फोडलं, कॉलेजच्या उपप्राचार्या रडकुंडीला आल्या. वीस मिनिटांनी कारकुनाची नजर सरांवर गेली आणि त्याने त्यांना नम्रपणे उभं राहायला सांगितलं. गठ्ठा चढवला गेल्याबरोबर सर त्यावर बसले होते. तो मऊ होता म्हणून त्यांनी जागा बदलली होती. त्यानंतर कुणी त्यांच्याशी बोललं नाही.

सव्वाबारा वाजले तेव्हा गाडी चौथ्या केंद्राच्या फाटकाबाहेर उभी होती, कारण फाटकाची किल्ली ज्याच्याकडे होती तो जेवायला गेला होता. सरांनी मोबाईलच्या उजेडात घड्याळात बारा पंधराचे बारा सोळा होताना पाहिले. मग हॉस्पिटलला फोन लावला. एका मंजुळ आवाजाने त्यांना एक दाबायला, मग तीन दाबायला, मग पुन्हा एक दाबायला सांगितलं. दहा मिनिटांनी एक खरी बाई बोलली. सरांनी विचारलं की माझी आई तिथे पोचली आहे का. बाई म्हणाल्या की पेशंटची माहिती फोनवर देता येत नाही, नातेवाइकांनी समक्ष यावं. सर म्हणाले, माहिती नको, फक्त आली आहे की नाही एवढंच. बाई म्हणाल्या, “तीच तर माहिती.”

फोन बंद झाला. शहराच्या स्टेशनावर उतरलेली आई त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. पावलांवरून माणूस ओळखणारी बाई, आणि तिथे एका वेळी दहा हजार पावलं. त्यात ती आपल्या मुलाची पावलं शोधत उभी असेल. लहानपणी गर्दीत तिने त्यांचा हात कधी सोडला नव्हता. मनगटावर वळ उठायचे. आणि त्यांनी काय केलं, तर कागद तारखेप्रमाणे लावले. अंधारात कुणी बघत नव्हतं. सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा चष्मा.

पावणेदोनला गाडी विद्यापीठाच्या आवारात शिरली. भांडाराच्या अधिकाऱ्याने दार उघडून यादी वाचली. यादीत तेवीस गठ्ठे, आत तेवीस गठ्ठे आणि एक प्राध्यापक. त्याने विचारलं की हे कुठे जमा करायचं? कारकून म्हणाला, ते संरक्षक आहेत. अधिकारी म्हणाला की संरक्षक जमा झाले तर आदेशाशिवाय बाहेर सोडता येणार नाहीत, आणि जमा झाले नाहीत तर गाडी रिकामी झाल्याची पावती देता येणार नाही. दोघांनी डोकी एकत्र केली. सरांच्या डाव्या बाहीवर लाखेचा लाल ओघळ होता, केसांत धूळ होती, गुडघा बाहेर आला होता. ते हात जोडून उभे होते. अखेर पावतीवर ‘एक नग चुकून आलेला, परत’ असा शेरा पडला आणि त्यावर त्यांची सही घेण्यात आली.

पुढचे चार किलोमीटर रिक्षाने जायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माणूस चालत दोनदा गेला असता. शेवटचा किलोमीटर सर धावले. चुकीच्या दाराने आत गेले, हाडांच्या विभागातून बाहेर आले, लिफ्टपुढची रांग बघून जिन्याकडे वळले आणि पावणेतीनला तिसऱ्या मजल्यावर पोचले.

आई भिंतीलगतच्या खुर्चीत बसली होती. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. हातात बिस्किट. शेजारी वसतिगृहाच्या रेक्टरबाई, आणि समोर जमिनीवर बसलेल्या वसतिगृहाच्या सहा-सात मुली, ज्यांच्या पुढच्या गाड्या संध्याकाळच्या होत्या. जिन्यातल्या आवाजाकडे आईने कान दिला. “आला,” ती म्हणाली. “धावत आलाय. वेळापत्रक बिघडलं वाटतं.”

ऑपरेशन दीड वाजताच झालं होतं. छान झालं होतं.

रेक्टरबाई मुलींना पोचवायला त्याच डब्यात होत्या. आईला त्यांच्याच शेजारी जागा मिळाली होती. सर चढलेच नाहीत हे कळल्यावर आईने सांगितलं की सव्वाबारा म्हणजे सव्वाबारा, आपण पुढे जाऊ, तो येईल मागून. स्टेशनापासून हॉस्पिटल पाच मिनिटांत आलं. फॉर्मवर नातेवाइकाची सही हवी होती. नात्याच्या रकान्यात बाईंनी ‘मुलाच्या कॉलेजातील’ असं लिहिलं. ते काउंटरवर चालेना, तेव्हा आईने ते खोडून ‘लेक’ लिहायला लावलं.

“तुम्हाला सतरा फोन केले, सर,” रेक्टरबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून सरांना ते अधिक लागलं. “एकही लागला नाही.”

लागणार कसा? ती लेखी तक्रार आली त्या दिवशी सरांनी बाईंचा नंबर मोबाईलमध्ये बंद करून टाकला होता. त्यांनी पोटाशी धरलेली फाईल जवळून जाणाऱ्या नर्सपुढे केली. नऊ वर्षांचे कागद, तारखेप्रमाणे, असं ते म्हणाले. नर्सने फाईलच्या जाडीकडे बघितलं आणि सांगितलं की आम्ही बाहेरचे कागद बघत नाही, सगळे तपास इथे नव्याने होतात.

भिंत जराशी कलली असं सरांना वाटलं. मग छतही कललं. नंतरचं त्यांना तुटक आठवतं. चाकाची खुर्ची. दंडाला आवळलेली पट्टी. कुणीतरी ‘एकशे नव्वद’ असं म्हणालं, आणि ते गुण असावेत अशी त्यांची समजूत झाली. ते भानावर आले तेव्हा दुसऱ्या मजल्यावर खाटेवर होते, अंगात पाठीमागे नाड्या बांधायचा हिरवा झगा होता, आणि एक डॉक्टर सांगत होता की रक्तदाब फार चढलाय, पोटात सकाळपासून काही नाही, दोन दिवस हलायचं नाही.

भरती करायला नातेवाइकाची सही लागत होती. ती आईने केली. एक डोळा गेलेला, दुसऱ्यावर पट्टी. रेक्टरबाईंनी हात धरून रेघेवर ठेवला आणि आईने ठसठशीत नाव काढलं. पूर्वीचे आजार कोणते, असं नर्सने विचारलं. प्रश्न सरांना होता, पण उत्तर आईने दिलं. गोवर, कांजिण्या, घसा नेहमीचाच, आणि सहाव्या वर्षापर्यंत अंथरूण ओलं करायचा. नर्सने ते लिहून घेतलं. मुलींनी एकमेकींकडे बघितलं नाही. फार निग्रहाने, सगळ्यांनी मिळून खिडकीबाहेर बघितलं. सरांनी डोळे मिटून घेतले. कळवायचं ते बायकोला रेक्टरबाईंनी कळवलं. बायको काय म्हणाली हे त्यांनी विचारलं नाही, आणि बाईंनीही दयाबुद्धीने सांगितलं नाही.

आईला वरच्या मजल्यावर खाट दिलेली होती, पण ती तिथे जायला तयार नव्हती. तो एकटा राहत नाही, असं तिने स्वच्छ सांगितलं. तेव्हा तिची खाट सरांच्या खाटेला लागून टाकण्यात आली. सकाळी डोळ्याचे मोठे डॉक्टर पट्टी काढायला तिथेच आले. सर उठून बसायला निघाले, त्यांना पुन्हा आडवं केलं गेलं.

पट्टी निघाली. पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. डॉक्टरांनी काय दिसतंय असं विचारलं. ती म्हणाली की खिडकी दिसते, बाहेर झाड आहे, त्याची पानं सुटी सुटी दिसतात. तुमच्या कोटाचं वरून दुसरं बटण नाही. पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर अजून मागच्याच महिन्याचं आहे. डॉक्टर हसले, नर्सने जाऊन पान उलटलं.

मग तिने मान वळवली आणि सरांकडे बघितलं. दाढीचे पांढरे खुंट, विस्कटलेले विरळ केस, गळ्यापाशी लोंबणारी नाडी. तिने हात लांब करून त्यांच्या गालाला लावला, जसा गेली चार वर्षं ती लावत आली होती. पण या वेळी हात नेमका पोचला. चाचपडला नाही.

“अरे,” ती हळूच म्हणाली, “किती म्हातारा झालास रे तू. मला कुणी सांगितलंच नाही.”

सरांनी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं. नर्सने तेवढ्यात त्यात थर्मामीटर ठेवलं.